‘बरां आसा’ आणि एक हिरवी पेशी

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला एस.टी.पर्यंत सोडायला आली नाही. रापण लागली होती. रापण म्हणजे काय ते आपल्या वाडीतल्यांना सांगायला नको. पण मंडळाची ही स्मरणिका आता मुंबईत जन्मलेल्या मुलांच्याही हाती पडते, म्हणून सांगते. किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या वाडीने दोन्ही टोकांनी ओढायचं लांबच लांब जाळं, ती रापण. ती ओढून झाली की वाळूत म्हावऱ्याचा ढीग पडतो, आणि कोणाच्या लेकीची गाडी चुकते की मिळते हे बघायला तो ढीग ताजा राहत नाही. म्हणून मीच पिशवी घेऊन किनाऱ्यावर गेले.

आईचे हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरलेले. माझ्या अंगावर नवा ड्रेस. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि फक्त कपाळ पुढे आणून माझ्या कपाळाला टेकवलं.

“थयसर पोचलंस काय सांगावो धाड,” ती म्हणाली. “आणि कसांय असला तरी ‘बरां आसा’ म्हणानच सांग. हयसून आमी काय करतलंव, चेडवा?”

मला वाटलं, आई धीर देतेय. खरं तर ती मला आपल्याकडची रीत सांगत होती. गेलेल्याने दुःख कळवायचं नाही आणि मागे राहिलेल्यानेही नाही. दोन्ही बाजूंनी ‘बरां आसा’ एवढंच जायचं-यायचं.

लोक मला विचारतात, आठवीनंतर शाळा का सोडलीस? मी सोडली नाही हो. माझी शाळा नेहमीसारखी सुटली, ती परत भरलीच नाही. बाबांनी होडी सोडली होती, घर आईच्या मासळीच्या पाटीवर चाललं होतं, पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि साकीनाक्याला राहणारी मावशी म्हणाली होती, “पोरीला पाठव, आमच्या गाळ्यात काम आहे.” एवढं सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला माझं भूगोलाचं पुस्तक. कोण जिंकणार?

साकीनाक्याचा तो गाळा म्हणजे एका गल्लीत, एका जिन्याखाली, पत्र्याची एक खोली. आम्ही बायका स्विचच्या पट्ट्यांना वायरी जोडायचो. तापल्या कथलाने जोडायचं, त्याचा धूर डोळ्यांत जायचा. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली. मावशीने विचारलं, गावी कळवू का? मी म्हटलं, कळव, बरी आहे म्हणून. वाडीतला कोणीतरी गणपतीला गावी निघाला होता, त्याच्याबरोबर सांगावा गेला, ‘मंदा बरी आसा.’ तोच माणूस परत येताना आईचा सांगावा घेऊन आला, ‘आमीय बरी आसंव.’ त्या वर्षी वादळात आमच्या घराची अर्धी कौलं उडाली होती, हे मला पुढच्या वर्षी मे महिन्यात डोळ्यांनी पाहिल्यावर कळलं.

आणि बाबा गेले तेव्हा मला निरोप आला तो असा, “बाबा जरा बरे नाहीत, जमलं तर ये.” मी पोचले तेव्हा अंगणात मांडव होता आणि सगळं आटोपलं होतं. त्यानंतर माझ्या छातीत जी धडधड बसली ती बसलीच. आता फोन वाजला तरी होते, नाही वाजला तरी होते. माझ्याबरोबर गेलेल्या, वसई-विरार, सुरत, दुबई गाठलेल्या आपल्या वाडीतल्या किती जणांना ती आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लिहायला बसले. शुद्धलेखनाला नावं ठेवू नका.

लग्नानंतर आम्ही असल्फ्याच्या डोंगरावर राहायला आलो. आमचे हे रिक्षा चालवतात. त्यांच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की अंधेरीकडच्या एका संशोधन संस्थेत काचसामान धुवायला बाई हवी आहे, कंत्राटावर. मला वाटलं, काचसामान म्हणजे कपबश्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला पांढरा कोट दिला. मी तो उलटा घातला. कोणी हसलं नाही, याचा मला अजून अचंबा वाटतो.

तिथे मी काय करते? बाटल्या, नळकांडी, काचेच्या उथळ बश्या धुते. त्या ऑटोक्लेव्हमध्ये घालते. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, फक्त त्यातून डाळ निघत नाही. इन्क्युबेटरच्या ताटलीत पाणी भरते. या इन्क्युबेटरमध्ये जिवंत पेशी असतात. माणसाच्या अंगात जेवढी ऊब असते तेवढीच ऊब तिथे धरून ठेवायची, दमटपणाही तसाच. बाळंतिणीच्या खोलीसारखं. दार उगाच उघडं टाकायचं नाही. हे काम मला पहिल्यापासून जमलं, कारण उगाच दार उघडू नये हे मला आपल्याकडच्या वाऱ्याने शिकवलं होतं.

त्या पेशी बघणारी श्रुती. बोरिवलीची मुलगी, पीएच.डी. करते, बोलते तोफेसारखी. मी सुरुवातीला तिला ‘मॅडम’ म्हणायचे.

“मॅडम नको म्हणूस गं ताई, मला आमच्या गणिताच्या बाई आठवतात. आणि त्यांनी मला नापास केलेलं, यार.”

“मग काय म्हणू?”

“श्रुती म्हण. चिडलीस तर श्रुते म्हण. आमची आई म्हणते.”

एकदा ती मायक्रोस्कोपच्या खोलीत होती. ती खोली अंधारी ठेवावी लागते, दाराला काळा पडदा. मी बाहेरून विचारलं, धुवायचं काही आहे का? आतून आवाज आला, “ताई, हात रिकामे आहेत ना? मग आत ये. पडदा पटकन लाव. झकास चाललंय, बघ.”

पडद्यावर काळ्याभोर अंधारात हिरवट ठिपके होते. ठिपके कसले, पसरलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या, अंधूक हिरव्या पेशी.

“आता यांना घाबरवते,” श्रुती म्हणाली.

“अगं, कशाला?”

“आपण दचकलो की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं ना, ज्याने छाती धडधडते? तेच यांच्यावर एक थेंब घालते. बघ हं आता.”

तिने थेंब सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग एक पेशी उजळायला लागली. हळूहळू, आतून, राखेखालचा निखारा कोणी फुंकावा तशी. मग तिच्या बाजूची. मग लांबची एक. एक कोपऱ्यातली मात्र तशीच अंधूक राहिली, तिला काही घाबरायचं नव्हतं बहुतेक.

माझ्या तोंडून निघालं, “गो बाय माझे!”

श्रुती खूश झाली. मग तिने मला समजावलं, आणि ते मला समजलं, म्हणून मी तिची आजन्म ऋणी आहे. आठवीनंतर मला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. लोक सांगायचे ते ‘हे उचल’ आणि ‘ते ठेव.’

ती म्हणाली, ते घाबरवणारं द्रव्य पेशीच्या आत जातच नाही. बाहेर, दारातच थांबतं. दारावर थाप पडली की आतल्या आत दुसरा रेणू तयार होतो आणि तो धावतो, सगळ्यांना सांगत सुटतो. त्याचं नाव तिने मला दोनतीनदा सांगितलं, सायक्लिक एएमपी. मी म्हटलं, “म्हणजे सांगावा.”

“काय?”

“निरोप गं. बाहेरचा माणूस दारात उभा, आणि आतलं पोर ओरडत माजघरात जातं, तसं.”

“करेक्ट! सांगावा. ए, भारी आहे हा शब्द, मी वापरणार.”

आणि ते उजळतं ते काय? तो सेन्सर. एक प्रथिन. मुळात कुठल्याशा थंड समुद्रातल्या जेलीफिशचं. माणसांनी त्यात फेरफार केले आणि त्याला तो सांगावा धरणारा एक हात जोडला. सांगावा हातात आला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्यावर निळा प्रकाश टाकला की ते जास्त हिरवं चमकतं. ते बाहेरून रंगासारखं ओतायचं नाही. पेशीला फक्त त्याची कृती द्यायची, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात ते करते. घरातलाच एकजण आत बसून बघतो, म्हण ना.

“आधी काय करायचे मग?” मी विचारलं.

“आधी? पेशी चिरडायच्या. सगळ्या एकत्र. आणि त्या रसात किती आहे ते मोजायचं. म्हणजे आत काय चाललं होतं ते कळायचं, पण पेशी मेल्यावर.”

हे ऐकलं आणि मला अंगणातला मांडव आठवला. कोटाची बटणं नीट केली आणि बाटल्या धुवायला गेले.

जेलीफिशचं मात्र मी आईला फोनवर सांगितलं. आपल्याकडे त्याला झार म्हणतात, जाळ्यात आला की जाळं जड होतं, हात भाजतात, म्हावरं सडतं. आई किती वेळ हसत होती. “त्या मेल्या झाराचो उजेड? आणि त्येच्यासाठी शिकलेली माणसां काळोखात बसतत? माझ्याकडे धाड त्येंका, मी फुकट देतंय पाटी भरान!”

आता फोनचं सांगते. आपल्यातल्या कितीतरी जणांसारखा मीही आईला व्हिडिओ कॉल करते. पण आई फोन कानालाच लावते. कितीदा सांगितलं, आये, समोर धर. ती म्हणते, “समोर धरलंय तर आयकू कसां येतला?” त्यामुळे मला दिसतो तो आईचा कान. कुडी, कुडीच्या वरचा पिकलेला केस, आणि कान. त्या कानाशी मी दिवसातून तीनदा बोलायचे. सकाळी कामाला निघताना, दुपारी डबा खाताना, संध्याकाळी डोंगर चढताना. कशी आहेस? बरां आसा. गोळी घेतलीस? घेतलंय. साखर तपासलीस? तपासलंय, बरां आसा. आईच्या गोड्या रोगाला, म्हणजे मधुमेहाला, बरीच वर्षं झाली. मी विचारत राहायचे, ती तेच सांगत राहायची.

एक दिवस श्रुती कपाळाला हात लावून जिन्यात बसली होती.

“वाट लागली, ताई. आठवडाभराचं काम गेलं.”

मी तिच्याजवळ बसले. चहा आणून दिला. तिने सांगितलं ते असं. ती दोन प्रकारच्या पेशी ठेवते. एकीत खरा सेन्सर, सांगावा धरणारा. दुसरीत तसाच दिसणारा, तसाच हिरवा, पण ज्याचा हात मुद्दाम मोडलेला आहे. तो सांगावा धरूच शकत नाही. त्याला ती ‘आंधळा’ म्हणायची. तो कशाला? तर पेशीत थोडा आंबटपणा वाढला तरी हिरवा उजेड कमीजास्त होतो, आणि आपल्याला वाटतं सांगावाच आला. म्हणून दोन्ही बघायचे. खरा बदलला आणि आंधळा तसाच राहिला, तरच सांगावा खरा. या वेळी आंधळाही बदलला होता.

“म्हणजे मी बघत होते तो सांगावाच नव्हता. आंबट ढेकर होता, यार.”

“आणि आंधळा हवा तसा वागला तर?”

“तर तो एकसारखा राहतो. काहीही होऊ दे, तेवढाच उजेड. एकट्या त्याच्याकडे बघून तुला काहीच कळणार नाही.”

संध्याकाळी मेट्रोतून उतरले, डोंगर चढता चढता आईला फोन लावला. कान दिसला. “बरां आसा,” कान म्हणाला. आणि मी पायरीवर उभी राहिले ती उभीच.

काहीही होऊ दे, तेवढाच उजेड. कौलं उडाली तरी ‘बरां आसा’, कावीळ झाली तरी ‘बरां आसा.’ इतकी वर्षं मी जो शब्द ऐकून रात्री झोपत होते, तो बदलूच शकत नव्हता. त्यातून कळायचं काय? मग बदलतं ते काय? आई दुसरं काय बोलते?

आणि मग मला आठवलं. माझी आई जन्मभर मासळीबाजारात बसलेली बाई. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न असायचा, “आज म्हावरां काय हाडलंस?” मी सांगायचे, बांगडे. मग उलटतपासणी. कल्ले बघितलंस? लाल होते? कितीक दिल्यान? फसवल्यान तुका मेलीन! असल्फ्याच्या बाजारातल्या कोळणीशी माझी आई गावातून भांडायची. बरी असली की भांडायची. आणि गेले कित्येक दिवस तिने म्हावऱ्याचं नावच काढलं नव्हतं. मी गोळ्या नि साखर विचारण्यात इतकी गुंतलेले की माझ्या लक्षातच आलं नाही.

मी भावाला फोन केला. बाबू माझ्याहून धाकटा, आई त्याच्याकडे राहते.

“बरी आसा गो,” तो म्हणाला.

मी ओरडले नाही. एरवी ओरडले असते. “आये बाजारात बसता काय रे आजकाल?” एवढंच विचारलं.

तो फोन घेऊन घराबाहेर गेला, दार लोटल्याचं ऐकू आलं.

“बाबू?”

“बसणा नाय.”

“कित्याक?”

“ताय, तिनां शपथ घातल्यान हा. तुका सांगूचां नाय म्हणान.”

“पण कित्याक?”

“कित्याक म्हणजे? तू घाबरतंस! दिसातून तीनदा फोन. तुझो फोन इलो काय आये आधी पाणी पिता, घसो साफ करता, आणि मगे ‘बरां आसा’ म्हणता. दशावतारातलो राजा एन्ट्री घेता तशी! तू रडाक लागलंस काय तिची रातची झोप जाता. मगे आमी काय सांगतलंव तुका?”

मी पायरीवर बसले. वरून खाली जाणारी माणसं माझ्या बाजूने वाट काढून जात होती. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं की मीच तिच्या बोलण्याचं दार बंद करत होते.

मग बाबूने सगळं सांगितलं. बाजारात शिंगाळा माशाचा काटा आईच्या तळपायात घुसला होता. शिंगाळ्याचा काटा टोचला की मोठा माणूसही आडवा पडून बोंब मारतो. आईला कळलंच नाही. साखरेने तिच्या पायाची जाणीव केव्हाच गेली होती. पायानेच वर सांगावा धाडला नाही. वास यायला लागला तेव्हा वहिनीने पाय बघितला. करंगळीजवळचं बोट काळं पडत चाललं होतं. गावचे डॉक्टर मुंबईला न्या म्हणत होते, आणि आई म्हणत होती, मंदाक कळलां तर ती मरात.

दुसऱ्या दिवशी संस्थेत मी श्रुतीला सांगितलं. सांगता सांगता मी तीच बाटली पुन्हापुन्हा धूत राहिले, शेवटी तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

“आईला आण,” ती म्हणाली. “उद्याच निघायला सांग. हॉस्पिटलला मी येते तुझ्याबरोबर.”

“तुझं काम आहे.”

“पेशी परत वाढतील. पाय नाही वाढणार, ताई.”

बाबू आईला घेऊन आला. श्रुती खरंच आली. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात कुठल्या खिडकीपासून सुरुवात करायची हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. तिने विचारून विचारून वाट काढली, आणि तिची पीएच.डी. तिथे कुठेच कामाला आली नाही, तिचा मोठा आवाज आला. तिचे हे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिने आईच्या तळपायाला कशाने तरी टोचलं. “आजी, दुखतंय?”

“नाय बाय. बरां आसा,” आई अभिमानाने म्हणाली.

“हेच तर वाईट आहे, आजी. दुखायला हवं होतं.”

आईने माझ्याकडे बघितलं. जन्मभर न दुखण्याबद्दल शाबासकी मिळालेल्या बाईला असं कोणी बोललं नव्हतं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

पाय जाणार की राहणार, हे कळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. बोट गेलं. पाय राहिला.

त्यानंतर आई आमच्याकडे, डोंगरावर. श्रुती एकदा भेटायला आली, फोनवर त्या पेशींचा व्हिडिओ घेऊन. आईने या वेळी फोन कानाला न लावता समोर धरला, बघितलं, आणि म्हणाली, “माझे हात भाजता तो मेलो, तुमका उजेड दिता. शिकलेल्या माणसांका घाबरता तो, दुसरां काय!” दोघी हसल्या. मी हसले नाही, कारण मी आईचा पाय बघत होते.

मी सारखाच बघत होते. सकाळी उठल्या उठल्या, कामाला जाताना, आल्यावर, पट्टी सोडून परत बांधून. आई दाराशी उभी राहिली तरी विचारायचे, का उभी राहिलीस? शेवटी ती भडकली. “माका उचल आणि त्या तुझ्या यंत्राखाली ठेव! दिवसभर बघीत रव!”

मी चिडले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून श्रुतीला नव्याने शिकायला आलेल्या मुलीवर ओरडताना ऐकलं. “एवढा लाइट मारू नकोस गं! भाजशील त्यांना. सेन्सर पण विझेल आणि पेशी पण मरेल. कमी उजेड ठेव, मध्ये अंतर ठेव, आणि मधल्या वेळात हात बांधून बस!” ती ओरडत होती त्या मुलीवर. लागलं मला. नंतर तिने मला हेही सांगितलं की पेशीत सेन्सरच फार झाले तर तेच सगळा सांगावा धरून बसतात, पेशीच्या कामाला उरत नाही. म्हणजे काळजी करणारी माणसंच घरात जास्त झाली, की घरातल्या माणसाला बोलायला जागा राहत नाही. असं माझं झालं होतं.

आई म्हणाली, माका घराक जावक व्हयां. मी तिला ठेवून घेऊ शकले असते. पायाचं कारण होतं, डॉक्टर जवळ होते. खरं कारण मला ठाऊक होतं. ती माझ्या डोळ्यांसमोर असली की मला झोप लागत होती. तिला लागत नव्हती. एस.टी.त बसताना तिने मला काही शिकवलं नाही या वेळी, मीच तिला म्हटलं, “आये, कसांय असला तरी तसांच सांग.” ती म्हणाली, “बग्या.”

आता मी रोज एकच फोन करते. माझ्यासाठी ते सोपं नाही. दुपारचा डबा खाताना हात आपोआप फोनकडे जातो, मी तो कोटाच्या खिशात घालते आणि बाटल्या धुते. रविवारी बाबू आईच्या तळपायाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. लोकांच्या ग्रुपवर फुलं नि सुविचार येतात, आमच्यात तळपाय. शेजारीण एकदा डोकावली आणि म्हणाली, हे काय गं? मी म्हटलं, गावाकडचा फोटो.

मला पूर्वी वाटायचं, घर म्हणजे ते किनाऱ्यावरचं, कौलांचं. मग वाटलं, हे डोंगरावरचं, ह्यांनी नि मी एकेक वीट चढवून केलेलं. आता ते किनाऱ्यावरचं बाबूने स्लॅबचं केलंय, अंगण उरलं नाही, आणि मी तिथे गेले तर कुठे झोपायचं हा प्रश्न पडतो. तरी इथे असल्फ्याला मध्येच कुठेतरी काहीतरी ठणकतं. काय ठणकतं ते सांगता येत नाही. तुमच्यातल्या जे दूर गेलेत, त्यांना सांगायला नको. आणि जे मागे राहिलेत त्यांनी रागावू नये. आम्ही ‘बरां आसा’ म्हणालो तेव्हा दरवेळी तसं नव्हतं.

गेल्या महिन्यात, कामावरून घरी येऊन पाय धूत होते, तर फोन वाजला. आईचा. आपणहून, पहिल्यांदा. धडधड सुरू झाली. मी दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि फोन कानाला लावला.

“काय झालां, आये?”

“काय्येक नाय. आज जीव लागणा नाय. आणि गंमत बग चेडवा, जां बोट कापल्यानी, तांच दुखता. थयसर काय्येक नाय, पण दुखता. आसता काय गो असां कधी?”

“आसता,” मी म्हटलं.

“तुका कसां म्हायत? डॉक्टरान सांगल्यान?”

“नाय. माका म्हायत आसा.”

मग कसं दुखतं, कधीपासून दुखतं, ते सांगायला लागली. मी मध्ये काही विचारलं नाही. आतून ह्यांनी जेवायला हाक मारली, मी हातानेच थांबा म्हटलं, आणि आईचं सांगून होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.